क्षेपणास्त्राचा पल्ला पाठ करण्याआधी त्याची नियमपुस्तिका वाचा

१/ २५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकने डागलेले एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासस्थानावर कोसळले. २८ सैनिक ठार झाले. त्यांपैकी १३ जण पेनसिल्व्हेनियातील एकाच राखीव तुकडीचे होते आणि त्या तुकडीचे काम होते सैन्यासाठी पाणी शुद्ध करणे. धाहरानच्या रक्षणासाठी पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती आणि त्या रात्री ती चालूही होती. तरीही त्या स्कडवर तिच्याकडून एकही क्षेपणास्त्र सुटले नाही.

२/ असे का झाले, याचे प्रचलित उत्तर आहे ‘संगणकातील चूक’. हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. उरलेला अर्धा भाग त्या रात्रीच्या चार दिवस आधी धाडलेल्या एका सूचनेत दडला आहे. त्या सूचनेकडे आपण या धाग्यात येऊच. तिचा अर्थ लागण्यासाठी मात्र आधी एका दुर्लक्षित ऐतिहासिक साधनाची ओळख करून घ्यावी लागेल. ते साधन म्हणजे सैन्याचे फील्ड मॅन्युअल, सैनिकाच्या हाती दिली जाणारी नियमपुस्तिका.

३/ समाजमाध्यमांवर क्षेपणास्त्रांविषयी पुष्कळ लिहिले जाते. प्रत्येक संघर्षानंतर पल्ला, वेग आणि स्फोटकाचे वजन यांचे तक्ते फिरू लागतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे मत असे आहे की, या तक्त्यांतून शस्त्राची ओळख होते, युद्धाची होत नाही. शस्त्र कोणी, कधी, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीने वापरायचे हे नियमपुस्तिका सांगते. युद्धाचा निकाल आणि माणसांचे प्राण पुष्कळदा त्या वाक्यांवर अवलंबून असतात. म्हणून आधुनिक युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्याने पल्ल्याआधी नियमपुस्तिका उघडली पाहिजे.

४/ ती कशी वाचावी, हा मात्र कळीचा प्रश्न आहे. स्मृतिग्रंथांत लिहिले आहे म्हणून समाज तसाच वागत होता, असे आपण मानत नाही. उलट एखाद्या गोष्टीचा निषेध वारंवार आढळला, तर ती गोष्ट सर्रास घडत असावी असा तर्क करतो. नियमपुस्तिकेलाही हीच कसोटी लावावी. ती युद्धाचे वर्णन करत नाही. युद्ध कसे व्हावे याविषयीची एका सैन्याची अपेक्षा नोंदवते. प्रत्येक पुस्तिकेत तीन गृहीतके असतात: शत्रू कसा असेल, रणभूमी कोणती असेल आणि पुस्तिका वाचणारा माणूस कसा वागेल. बहुतेक वेळा ही गृहीतके स्पष्ट लिहिलेली नसतात. ती शोधून काढणे हे इतिहासकाराचे काम.

५/ पहिले उदाहरण १९७३ चे. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्तच्या सैन्याने सुवेझ कालवा ओलांडला. त्याच्या पायदळाकडे ‘माल्युत्का’ नावाचे सोव्हिएत रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र होते. पाश्चात्त्य सैन्ये त्याला ‘सॅगर’ म्हणत. सुटकेससारख्या पेटीतून एक सैनिक ते वाहून नेई. त्याचा पल्ला सुमारे ३ किलोमीटर. मागे उलगडत जाणाऱ्या बारीक तारेतून त्याला आज्ञा मिळत आणि चालक हातातील दांडीने त्याला थेट लक्ष्यापर्यंत वळवीत नेई.

६/ इस्रायली चिलखती दलाचे गृहीतक १९६७ च्या विजयातून घडलेले होते. रणगाडा वेगाने पुढे घुसला की शत्रूचे पायदळ पांगते, अशी ती धारणा होती. त्यामुळे रणगाड्यांसोबत चालणाऱ्या पायदळाकडे आणि तोफखान्याकडे दुर्लक्ष झाले होते. ८ ऑक्टोबर रोजी सिनाईत केलेला इस्रायली प्रतिहल्ला फसला आणि रणगाड्यांची मोठी हानी झाली. इजिप्तचा पायदळ सैनिक पांगला नाही. वाळूत आडवा पडून तो आपली दांडी फिरवत राहिला.

७/ पुढे जे घडले ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. काही दिवसांतच इस्रायली रणगाडाचालकांनी स्वतःचे नियम रचले. माल्युत्काला ३ किलोमीटर कापायला वीसपंचवीस सेकंद लागत आणि तेवढा वेळ चालकाची नजर लक्ष्यावर खिळलेली असणे आवश्यक होते. म्हणून एकाने क्षितिजावर नजर ठेवायची, धूर दिसताच रेडिओवरून ओरडायचे, सर्वांनी रणगाडे हलवायचे आणि धुराच्या आसपास गोळीबार करायचा. चालक दचकला की क्षेपणास्त्र भरकटे. हा नियम कोणत्याही छापील पुस्तिकेत नव्हता. तो रेडिओवर जन्मला आणि नंतर कागदावर उतरला.

८/ हे युद्ध अमेरिकी सैन्याने बारकाईने अभ्यासले. प्रशिक्षण आणि युद्धविचार यांसाठी तेथे १९७३ मध्येच एक नवे मुख्यालय स्थापन झाले होते आणि जनरल विल्यम डीप्यू हे त्याचे पहिले प्रमुख होते. त्यांच्या देखरेखीखाली जुलै १९७६ मध्ये ‘एफएम १००-५’ या मुख्य नियमपुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. नव्या शस्त्रांची अचूकता इतकी वाढली आहे की जे दिसेल ते टिपले जाईल, हा तिचा गाभा होता. शस्त्रांचे पल्ले आणि अचूकता दाखवणारे आलेख तिच्यात जागोजागी होते.

९/ पण या पुस्तिकेची रणभूमी कोणती? सिनाईच्या वाळवंटात मिळालेले धडे तिने मध्य युरोपात नेऊन रोवले. शत्रू ठरला सोव्हिएत संघ, युद्धभूमी ठरली पश्चिम जर्मनी. ही पुस्तिका गुप्त नव्हती, त्यामुळे तिच्यावर उघड वाद झाला. ती फार बचावात्मक आहे, आकड्यांवर फार विसंबते, अशी टीका अमेरिकेतीलच अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी केली. १९८२ मध्ये तिच्या जागी नवी आवृत्ती आली. उघड पुस्तिकेवर टीका होते, टीकेतून ती सुधारते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

१०/ दुसरे उदाहरण आपल्या किनाऱ्याचे. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र बोटींनी पोर्ट सईदजवळ ‘एइलात’ ही इस्रायली विनाशिका बुडवली. वापरलेले क्षेपणास्त्र होते सोव्हिएत पी-१५, पाश्चात्त्य नाव ‘स्टिक्स’. बोटींनी बंदराचे संरक्षण न सोडता मोठे जहाज बुडवले, हे पाहून जगभरची नौदले हादरली. पुढे भारताने सोव्हिएत संघाकडून ओसा वर्गातील ८ क्षेपणास्त्र बोटी घेतल्या. १९७१ च्या युद्धात त्यांचा तळ मुंबई होता.

११/ या बोटींमागचे सोव्हिएत गृहीतक स्पष्ट होते: किनाऱ्यालगत थांबायचे, शत्रूची नौका जवळ आली की क्षेपणास्त्र डागायचे आणि परतायचे. बोट लहान, इंधन बेताचे, विमानांपासून बचाव दुबळा. भारतीय नौदलाने हे गृहीतक जाणीवपूर्वक मोडले. लांबचा पल्ला बोटीला स्वतःच्या इंधनावर पेलणार नसेल, तर मोठ्या जहाजाने तिला ओढत न्यावे, हा उपाय शोधला गेला. किनाऱ्याच्या रक्षणासाठी घडवलेले शस्त्र शत्रूच्या बंदराशी नेण्याची ही योजना होती.

१२/ ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन बोटी ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या जहाजांच्या सोबतीने कराचीवर गेल्या. मोहिमेचे नाव ‘ट्रायडंट’, बोटींच्या ताफ्याचे नेतृत्व कमांडर बबरू भान यादव यांचे. पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रावर हल्ला करणे अवघड होते, म्हणून वेळ रात्रीची निवडली. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिझ’ ही सुरुंगशोधक नौका बुडाली. बोटींवरील खलाशांचे प्रशिक्षण सोव्हिएत संघात झाले होते आणि रेडिओवर त्यांनी रशियन भाषा वापरली. ज्या भाषेत शस्त्राचे नियम शिकले, तीच भाषा शत्रूला चकवण्याच्या कामी आली. ४ डिसेंबर हा आज भारताचा नौदल दिन आहे.

१३/ कराचीच्या मोहिमेचे वर्णन सहसा शौर्यकथा म्हणून केले जाते आणि ते शौर्य निर्विवाद आहे. पण तिचे ऐतिहासिक महत्त्व मला आणखी एका गोष्टीत दिसते. नियोजनकर्त्यांनी त्या शस्त्रामागील गृहीतक ओळखले होते. बोट कुठे कमी पडेल हे त्यांना नेमके ठाऊक होते, म्हणूनच दोरखंड, सोबतची जहाजे आणि रात्रीची वेळ यांची तजवीज झाली. नियम मोडायचा असेल तर तो कशासाठी लिहिला होता हे आधी कळावे लागते. हे कळलेले सैन्य नियम मोडूनही सावध असते.

१४/ तिसरे उदाहरण याच्या नेमके उलट. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्रांनी पाडले. विमानातील सर्व २९० माणसे ठार झाली. नौकेवरील ‘एजिस’ यंत्रणा खुल्या महासागरात एकाच वेळी येणाऱ्या अनेक सोव्हिएत विमानांना आणि क्षेपणास्त्रांना तोंड देण्यासाठी घडवलेली होती. येथे मात्र आखात अरुंद होते, इराणी बोटींशी चकमक चालू होती आणि डोक्यावरून नागरी हवाई मार्ग जात होता.

१५/ चौकशीत काय आढळले ते पाहा. यंत्रणेच्या नोंदीनुसार विमान वर चढत होते. नौकेवरील माणसे मात्र ते आपल्याकडे खाली झेपावत आहे असे सांगत राहिली. प्रशिक्षणात रंगवलेल्या हल्ल्याचे चित्र त्यांच्या मनात इतके पक्के होते की पडद्यावरील आकडे त्या चित्रात बसवले गेले. नियमपुस्तिकेचे गृहीतक कागदावरच राहत नाही, ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांत उतरते. यंत्राने बरोबर सांगितले, तरी माणसाला तेच दिसले जे पाहायला त्याला शिकवले होते.

१६/ आता धाहरानकडे येऊ. पॅट्रियट यंत्रणा मुळात युरोपसाठी घडवलेली होती. ‘एफएम १००-५’ च्या मागे जे काल्पनिक युद्ध होते, तेच हिच्याही मागे होते. लक्ष्य म्हणजे सोव्हिएत विमाने आणि क्रूझ क्षेपणास्त्रे. त्यांचा वेग ध्वनीच्या सुमारे दुप्पट धरला होता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून यंत्रणा एका जागी काही तासच चालवायची आणि मग हलवायची, अशी कल्पना होती. सौदी अरेबियात तिच्यासमोर आले ध्वनीच्या पाचपटींच्या आसपास वेग असलेले स्कड. आणि तिला काम मिळाले तळाची राखण करण्याचे, एकाच जागी, दिवसामागून दिवस.

१७/ संगणकातील चूक नेमकी काय होती? यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत असे. दशमान पद्धतीत १/३ लिहू गेल्यास जसा अपूर्णांक संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत १/१० संपत नाही. संगणकात त्यासाठी २४ बिटांची जागा होती, म्हणून उरलेला अंश छाटला जाई. ही छाटणी क्षुल्लक होती, पण यंत्रणा जितका वेळ न थांबता चाले, तितकी ती साचत जाई. १०० तासांनंतर हा फरक सुमारे ०.३४ सेकंदाचा होई. लक्ष्य आकाशात कोठे शोधायचे याचा रडारचा अंदाज तेवढ्याने जवळजवळ ६८७ मीटर सरके.

१८/ आता तारखा पाहा, कारण इतिहास येथे आहे. ११ फेब्रुवारी १९९१ रोजी इस्रायलकडून माहिती मिळाली की यंत्रणा सलग ८ तास चालवल्यास हा अंदाज २० टक्के सरकतो. १६ फेब्रुवारीला सुधारित सॉफ्टवेअर तयार झाले. २१ फेब्रुवारीला सर्व पॅट्रियट तुकड्यांना सूचना गेली: यंत्रणा फार वेळ सलग चालवल्यास लक्ष्याचा अंदाज चुकू शकतो, सुधारणा पाठवत आहोत. २५ फेब्रुवारीला धाहरानची यंत्रणा १०० हून अधिक तास सलग चालू होती. सुधारित सॉफ्टवेअर तेथे २६ फेब्रुवारीला पोचले.

१९/ या सूचनेतील ‘फार वेळ’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. फार म्हणजे किती? ८ तास? २० तास? १०० तास? सूचनेत आकडा नव्हता. सूचना लिहिणाऱ्यांनी असे धरून चालले होते की इतका दीर्घ काळ यंत्रणा कोणी सलग चालवणारच नाही, त्यामुळे अधिक तपशिलाची गरज नाही. उपाय तर अगदी साधा होता: यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करणे. त्याला दोन मिनिटेही लागत नव्हती. इराकच्या स्कडची वाट पाहत रात्रंदिवस जागणाऱ्या सैनिकाला एक आकडा सांगितला असता, तर त्याने ती दोन मिनिटे कोणत्याही दुपारी काढली असती.

२०/ म्हणून ‘संगणकातील चूक’ हे उत्तर मला अपुरे वाटते. चूक दोन आठवडे आधी कळली होती. ती माणसांपर्यंत पोचवणारे वाक्य अपुरे होते, कारण ते लिहिणाऱ्याच्या मनात अजून युरोपातील युद्ध चालू होते, जेथे यंत्रणा काही तासांत हलवायची असते. वाळवंटात एका जागी रुतून बसलेला वाचक त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. २८ मृत्यूंची कारणमीमांसा करताना बिटांच्या शेजारी हे वाक्यही मांडले पाहिजे.

२१/ सूचना कशी लिहावी याचा एक नमुना आपल्या वाचकांना परिचित आहे. शिवछत्रपतींचे चिपळूणजवळच्या छावणीस लिहिलेले पत्र आठवा. दाणा-वैरण आताच संपवू नका, एवढे म्हणून ते थांबत नाही. संपवली तर पावसाळ्यात काय होईल, घोडी कशी मरतील, रयतेवर हात टाकल्यास ती सैन्याविषयी काय म्हणेल, हे ते सांगते. आगीची काळजी घ्या म्हणताना जळती वात उंदीर नेईल, गवताला आग लागेल, इथपर्यंत ते जाते. लिहिणाऱ्याला छावणीतील रात्र दिसत होती. काळ, शस्त्र आणि सैन्य सर्वस्वी वेगळे आहे, तरी कसोटी तीच: आज्ञा लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याची रात्र दिसते का?

२२/ धाहरानविषयी हे सारे आपल्याला कळते कसे? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने फेब्रुवारी १९९२ मध्ये, म्हणजे घटनेनंतर वर्षभरातच, अहवाल जाहीर केला. वर दिलेले तास, मीटर आणि तारखा त्यातीलच. यंत्रणा तेव्हा वापरात होती, तरीही चुकीचा तपशील लोकांसमोर आला. आज जगभरातील संगणकशास्त्राचे विद्यार्थी हे उदाहरण शिकतात. एका सैन्याचे अपयश सार्वजनिक ज्ञान झाले आणि त्याने त्या सैन्याचे नुकसान झाल्याचे दिसत नाही.

२३/ आता आपल्याकडे पाहू. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र अपघाताने सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. दोन्ही देश अण्वस्त्रधारी आहेत हे ध्यानात घेतले, तर ‘सुदैवाने’ या शब्दाचे वजन कळेल. प्रथम सरकारने नियमित देखभालीच्या वेळी झालेल्या तांत्रिक बिघाडाचा उल्लेख केला. ऑगस्ट २०२२ मध्ये चौकशीअंती हवाई दलाने जाहीर केले की ठरलेल्या कार्यपद्धतीपासून, म्हणजे एसओपीपासून, विचलन झाल्याने हे घडले. तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले. त्यांपैकी एकाने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्याला देखभालीचेच प्रशिक्षण दिले होते, असे त्याचे म्हणणे.

२४/ या प्रकरणात कोण बरोबर हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे तो प्रश्नाचा प्रवास. तो ‘यंत्र बिघडले का’ येथून सुरू झाला, ‘नियम मोडला का’ येथे आला आणि ‘नियम वाचणाऱ्याला तो शिकवला होता का’ येथे पोचला. धाहरान आणि व्हिन्सेन्सच्या चौकशांनीही हीच वाट चालली होती. क्षेपणास्त्र कितीही आधुनिक असो, त्याच्या अपघाताचा शोध शेवटी एखाद्या वाक्यापाशी आणि ते वाचणाऱ्या माणसापाशी येऊन थांबतो.

२५/ येथे एक आक्षेप रास्त आहे: नियमपुस्तिका उघड केली तर शत्रूही ती वाचेल. आज वापरात असलेल्या यंत्रणेच्या पुस्तिका गुप्तच राहाव्यात, याबद्दल माझे दुमत नाही. माझा आग्रह निवृत्त शस्त्रांविषयी आहे. १९७१ च्या बोटी केव्हाच मोडीत निघाल्या. त्या बोटींच्या रशियन पुस्तिका, त्यांची इंग्रजी भाषांतरे, खलाशांनी समासात केलेल्या नोंदी, सरावानंतर बदललेल्या सूचना यांतून आज कोणत्या शत्रूला काय मिळणार? इतिहासकाराला मात्र त्यातून एक अख्खी पिढी नवे शस्त्र कसे शिकली हे कळेल.

२६/ यासाठी नवा कायदा लागत नाही. सार्वजनिक अभिलेखांविषयीचा कायदा १९९३ पासून आहे. युद्धांचे इतिहास आणि अभिलेख खुले करण्याविषयीचे संरक्षण मंत्रालयाचे धोरण जून २०२१ मध्ये मंजूर झाले. अभिलेख साधारणतः २५ वर्षांत खुले व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही युद्धांच्या नोंदी खुल्या करण्याची शिफारस केली होती. या धोरणाची अंमलबजावणी होताना युद्धवृत्तांतांबरोबर कालबाह्य नियमपुस्तिका आणि त्यांच्या दुरुस्तीपत्रकांचाही समावेश व्हावा, ही माझी मागणी आहे. विशेषतः दुरुस्तीपत्रके, कारण नियम बदलला की त्यामागे एखादी घटना असते.

२७/ ही मागणी केवळ अभ्यासकांच्या सोयीसाठी नाही. जुनी पुस्तिका रद्दीत गेली की तिच्या प्रत्येक दुरुस्तीमागचा अनुभवही रद्दीत जातो. कोणत्या नियमामागे कोणाचा जीव गेला होता हे विसरले गेले, की पुढच्या पिढीला तो नियम निव्वळ कारकुनी वाटू लागतो. मग घाईत तो वगळला जातो. अभिलेखागार ही सैन्याचीही स्मरणशक्ती आहे.

२८/ तोवर आपल्या हातात काय आहे? पुढच्या वेळी एखाद्या क्षेपणास्त्राविषयी धागा लिहाल किंवा वाचाल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. एक, हे शस्त्र कोणत्या युद्धाची कल्पना करून घडवले होते? दोन, ते प्रत्यक्षात कोणत्या युद्धात वापरले गेले? तीन, या दोहोंमधील अंतर कोणाला ठाऊक होते आणि ते चालवणाऱ्या सैनिकाला कोणी सांगितले? कराचीच्या मोहिमेत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते, धाहरानमध्ये नव्हते.

२९/ पल्ल्याचे आकडे चुकीचे नसतात, पण ते शस्त्र बनवणाऱ्याची बाजू सांगतात. नियमपुस्तिका आणि तिच्या समासातील खुणा शस्त्र चालवणाऱ्याची बाजू सांगतात. लष्करी इतिहासात त्या माणसाची नोंद विजयाच्या वेळी शूर म्हणून आणि अपघाताच्या वेळी दोषी म्हणून होते. मधल्या काळात तो काय वाचत होता, त्याला काय सांगितले होते आणि काय सांगायचे राहून गेले होते, हे लिहिणे आपल्या पिढीच्या इतिहासलेखकांकडे आले आहे.

३०/ धागा येथे संपतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा, काका किंवा आत्या असतील, तर त्यांना कोणते शस्त्र चालवले एवढेच विचारू नका. ते कसे शिकवले होते, शिकवलेले प्रत्यक्षात कुठे लागू पडेना आणि तेव्हा त्यांनी काय केले, तेही विचारा. अडीच दशकांपूर्वीच्या सेवेविषयी, आणि गुप्ततेची मर्यादा पाळून, ते जे सांगतील ते तारखेनिशी लिहून ठेवा. अभिलेखागार उघडेल तेव्हा त्या कागदांशेजारी ठेवायला तुमची वही हवी.